जुना रेडिओ आणि इतिहासातल्या काळ्या कथा

इतिहासात घडून गेलेले खून, कट, कैद आणि पलायन यांवर बेतलेली नाटके हा रेडिओच्या पहिल्या तीन दशकांतला भरभराटीचा प्रकार होता. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये त्याच्या मालिकाच्या मालिका निघाल्या. मराठीत हा प्रकार वेगळ्या नावाने फारसा मिरवला नाही, तो श्रुतिका आणि नभोनाट्यांत मिसळून गेला. त्याला लागणारा मालमसाला मात्र महाराष्ट्रात भरपूर होता. पोवाड्या-कीर्तनांतून इतिहास कानावर पडण्याची सवय इथल्या माणसाला शतकांची होती, आणि पेशवाईच्या उत्तरकाळाने काळीकुट्ट प्रकरणेही पुष्कळ मागे ठेवली. त्यांतले एक प्रकरण संगमनेर तालुक्यातल्या माणसाचे आहे. त्यातला सर्वांत विलक्षण प्रसंग तर निव्वळ आवाजाच्या बळावर घडला.

खास रेडिओसाठी लिहिलेले पहिले नाटक म्हणून ज्याचा उल्लेख होतो, ते रिचर्ड ह्यूजचे ‘अ कॉमेडी ऑफ डेंजर’ बीबीसीने १५ जानेवारी १९२४ रोजी प्रसारित केले. त्याचे स्थळ होते कोळशाची खाण. खाणीतले दिवे जातात आणि आत अडकलेली माणसे अंधारात एकमेकांना हाका मारू लागतात, असा त्याचा आरंभ. पात्रांना काही दिसत नाही आणि श्रोत्यालाही दिसत नाही. दृश्याचा अभाव ही रेडिओची उणीव नसून त्याच्यावरच कथा उभी करता येते, हे ह्यूजने पहिल्याच फटक्यात दाखवले. भयकथेला याहून सोयीचे माध्यम नव्हते. पडद्यावर रक्त दाखवायचे तर रंग लागतो, सेन्सॉर आडवा येतो. रेडिओवर एक किंकाळी आणि तिच्यामागून आलेली शांतता पुरते. बाकीचे चित्र ऐकणारा आपल्या भीतीच्या मापाने रंगवतो.

अमेरिकेत १९३१ साली ‘द विचेस टेल’ ही मालिका सुरू झाली. अलोन्झो डीन कोल हा तिचा लेखक. कथा सांगणारी म्हातारी नॅन्सी ही सेलम गावची चेटकीण, म्हणजे ज्या गावात १६९२ साली चेटकाच्या आरोपावरून माणसे फासावर चढवली गेली तिथली. इतिहासातली खरी जखम कल्पित कथेच्या पाठीशी उभी करण्याची युक्ती इथे पहिल्यांदा ठळकपणे दिसते. नॅन्सीचे काम करणारी वृद्ध अभिनेत्री वारल्यावर ती भूमिका मिरियम वुल्फ या अवघ्या तेरा वर्षांच्या मुलीकडे गेली. त्या मुलीचा आवाज श्रोत्यांना जख्ख चेटकिणीचाच वाटत राहिला. रेडिओवर वय, रूप, उंची सारे गळ्यात असते.

१९३४ साली शिकागोहून ‘लाइट्स आउट’ सुरू झाले. ते मध्यरात्री लागे, कारण त्यातले प्रकार मुलांच्या कानी पडू नयेत अशी अपेक्षा होती. १९४१ साली आलेल्या ‘इनर सॅन्क्टम’ची ओळख म्हणजे सुरुवातीला करकरत उघडणारे दार. १९४२ ते १९६२ अशी वीस वर्षे चाललेल्या ‘सस्पेन्स’ने नामवंत नटांना ध्वनिक्षेपकापुढे आणले. लंडनमध्ये बीबीसीच्या ‘अपॉइंटमेंट विथ फिअर’चा निवेदक व्हॅलेंटाइन डायल ‘काळ्या पोशाखातला माणूस’ म्हणून ओळखला जाऊ लागला. तेव्हा १९४३ साल होते आणि लंडनकर खऱ्या बॉम्बच्या सावटाखाली, खिडक्यांना काळे पडदे लावून ही कल्पित भीती ऐकत होते. ऑर्सन वेल्सने सादर केलेले ‘द ब्लॅक म्युझियम’ स्कॉटलंड यार्डच्या संग्रहातल्या वस्तूंवर बेतलेले होते. प्रत्येक भागात एक साधी वस्तू हाती घ्यायची आणि तिच्याशी जोडलेला गुन्हा उलगडायचा, ही त्याची रीत.

या साऱ्या पसाऱ्यात इतिहासाशी सर्वांत प्रामाणिक नाते सांगणारी मालिका म्हणजे सीबीएसची ‘क्राइम क्लासिक्स’. ती जून १९५३ ते जून १९५४ अशी जेमतेम वर्षभर चालली. निर्माता-दिग्दर्शक एलियट लुईस याला जुन्या खून-खटल्यांच्या कागदपत्रांचा नाद होता. मॉर्टन फाइन आणि डेव्हिड फ्रीडकिन यांनी संहिता लिहिल्या, संगीत बर्नार्ड हर्मन याचे. ज्यूलियस सीझरवर झालेले तेवीस वार, अब्राहम लिंकनची हत्या, एडिंबरामध्ये शरीरशास्त्राच्या वर्गाला प्रेते विकण्यासाठी माणसे मारणारे बर्क आणि हेअर असे तिचे विषय. निवेदक टॉमस हायलँड हे पात्र लू मेरिल रंगवत असे, तेही अगदी कोरड्या, किंचित मिश्कील सुरात. दार करकरले नाही, कुणी खदाखदा हसले नाही. एखाद्या अव्वल कारकुनाने नोंद वाचावी तसा तो मृत्यू सांगे, म्हणूनच अंगावर काटा येई. ही मालिका लोकप्रियतेत मागे राहिली, पण गुणवत्तेत ‘इनर सॅन्क्टम’पेक्षा कितीतरी पुढे होती. भुताच्या गोष्टीत श्रोत्याला शेवटी सुटका असते, कारण हे खरे नाही असे म्हणता येते. सीझरच्या बाबतीत तसे म्हणायची सोय नाही.

आवाज तयार करण्याची कला या नाटकांचा कणा होती. नारळाच्या करवंट्या आपटून घोड्याच्या टापा काढायच्या, पत्र्याची मोठी चादर हलवून गडगडाट करायचा, चुरचुरणारा पातळ कागद चुरगाळून आग पेटवायची. ‘इनर सॅन्क्टम’चे करकरणारे दार म्हणजे प्रत्यक्षात एक गंजकी खुर्ची होती. ‘लाइट्स आउट’मध्ये विजेच्या खुर्चीवरच्या मृत्यूसाठी तव्यावर मांस तळत आणि हाडे मोडण्यासाठी कडक गोळ्या दातांखाली फोडत. हे प्रयोग बहुतेक थेट प्रसारित होत, चुकीला पुसण्याची सोय नसे. यापेक्षाही अवघड गोष्ट होती ती योग्य वेळी काहीही न वाजवण्याची. रेडिओवर शांतता लांबली की श्रोत्याला संच बिघडला असे वाटते, आणि आखूड झाली की भीती बसत नाही. ते क्षण मोजण्यात दिग्दर्शकाची परीक्षा असे.

भारतात नियमित प्रसारण सुरू झाले ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्रावरून, २३ जुलै १९२७ रोजी. त्या केंद्राचे प्रक्षेपक यंत्र दीड किलोवॅटचे. त्याचा आवाज घाट ओलांडून संगमनेरपर्यंत नीट पोचणे कठीणच होते. कंपनी तीन वर्षांत बुडाली, कारभार सरकारकडे गेला आणि जून १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. संगमनेरसारख्या गावाच्या दृष्टीने महत्त्वाची तारीख म्हणजे २ ऑक्टोबर १९५३. त्या दिवशी पुणे केंद्र सुरू झाले. नाशिक-पुणे रस्त्यावरचे, प्रवरा आणि म्हाळुंगीच्या संगमावर वसलेले हे गाव पुण्यापासून साधारण १४० किलोमीटरवर येते. मध्यमलहरीवर पुण्याचा आवाज घरातल्या संचावर पकडता येऊ लागला.

मध्यमलहरीचे एक वैशिष्ट्य भयकथांना फार उपयोगी पडले. दिवसा वातावरणाचा आयनीभूत झालेला खालचा थर या लहरी शोषून घेतो, त्यामुळे त्या फक्त जमिनीलगत, मर्यादित अंतरापर्यंत जातात. सूर्य मावळला की हा थर विरतो. मग लहरी वरच्या थरापर्यंत चढतात, तिथून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर उतरतात. म्हणून रात्री संचाचा काटा फिरवला की दुपारी नसलेली दूरची केंद्रे सापडत. आवाज मोठा होई, मंदावे, पुन्हा जवळ येई, आणि एका केंद्रामागे दुसरे पुसटसे बोलत राही. एखाद्या गूढ नाटकाला मुद्दाम घालावी अशी पार्श्वभूमी निसर्ग फुकट पुरवत होता. साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि वीज न पोचलेल्या वाड्या-वस्त्यांवरही बॅटरीवर रेडिओ वाजू लागला. संगमनेर हे विड्यांचे गाव. तेंदूपत्ता कापणे, तंबाखू भरणे, दोरा बांधणे या कामात हात गुंतलेले आणि कान मोकळे असतात. अशा कामाला रेडिओइतका सोबती नाही.

मराठी श्रुतिकेचा मुख्य प्रवाह घरगुती आणि हलकाफुलका राहिला. मुंबई केंद्रावरचा ‘पुन्हा प्रपंच’ हे त्याचे लाडके उदाहरण. प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे पंत घराघरात नातेवाइकांसारखे झाले. पण गूढाची वाटही याच केंद्रातून निघाली. पुढे मराठी गूढकथेचे मोठे नाव झालेल्या रत्नाकर मतकरींची पहिली एकांकिका ‘वेडी माणसं’ १९५५ साली मुंबई आकाशवाणीवरून सादर झाली. तेव्हा ते विशीतही पोचले नव्हते. मतकरींच्या गूढकथेत भूत क्वचितच समोर येते. एखादे वाक्य, एखादी चाहूल, एखादी अर्धवट ओळख पुरते. ज्याने लेखनाचा श्रीगणेशा रेडिओवर केला त्याला हे तंत्र हाताशी असणे स्वाभाविकच म्हणावे लागेल. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली. तिच्या ‘हवामहल’ने छोट्या नाटिकेची गोडी लावली, आणि जाहिराती आल्यानंतर हिंदीत ‘इन्स्पेक्टर ईगल’सारख्या पोलिसी कथाही आल्या. सरकारी माध्यम असल्याने रक्तरंजित वर्णनाला आकाशवाणीवर मुळातच लगाम होता. अमेरिकेतल्या हाडे मोडण्याच्या थराला इथली नाटके गेली नाहीत, आणि त्यात त्यांचे काही बिघडले असे वाटत नाही.

रेडिओ येण्याच्या फार आधीपासून मराठी माणूस इतिहासातले मृत्यू ऐकत आला होता. संगमनेरचे शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) हे त्याचे घरचेच उदाहरण. घोलप आडनावाचा हा कवी तमाशाच्या फडात गाजला, पुढे कीर्तनाकडे वळला. खर्ड्याच्या लढाईवरचा त्याचा पोवाडा प्रसिद्ध आहे. लढाईच्याच वर्षी, ऑक्टोबर १७९५ मध्ये, एकवीस वर्षांचे पेशवे सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली पडले आणि दोन दिवसांनी वारले. अपघात की आत्महत्या हा वाद आजही मिटलेला नाही. या मृत्यूवर फंदीने ‘माधवनिधन’ हा ओवीबद्ध ग्रंथ रचला. ओवी ही म्हणण्याची आणि ऐकण्याची रचना आहे. राज्यकर्त्याचा गूढ मृत्यू आवाजातून समाजापुढे मांडण्याचे जे काम पुढे श्रुतिकेने केले असते, ते संगमनेरच्या कवीने आधीच हाती घेतले होते.

ऐकण्याला सोयीचे तेवढेच इतिहासातून कसे टिकते, याचा दाखला नारायणराव पेशव्यांच्या खुनात मिळतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी त्यांना शनिवारवाड्यात मारले. या प्रकरणाभोवती दोन दंतकथा आहेत. एकीत त्यांची काकू आनंदीबाई हुकमाच्या पत्रातले ‘धरावे’ खोडून ‘मारावे’ करते. दुसरीत नारायणराव ‘काका, मला वाचवा’ अशी हाक मारत वाड्यातून धावतात. पहिली गोष्ट डोळ्यांची आहे. कागद, शाई आणि बदललेले अक्षर दिसल्याशिवाय तिची धार कळत नाही, आणि रेडिओवर ती कुणाला तरी समजावून सांगावी लागते. दुसरी गोष्ट निव्वळ कानाची. पौर्णिमेच्या रात्री शनिवारवाड्यात ती हाक ऐकू येते, अशी समजूत पुण्यात अजून आहे. वाड्यात भूत दिसते असे फारसे कुणी म्हणत नाही, भूत ऐकू येते असेच म्हणतात.

यापुढचे प्रकरण त्र्यंबकजी डेंगळ्यांचे. संगमनेर तालुक्यातल्या निमगाव जाळीचा हा माणूस अगदी साध्या चाकरीतून वर चढून दुसऱ्या बाजीरावाचा सर्वांत विश्वासू कारभारी झाला. १८१४ साली बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन पेशवे आणि गायकवाड यांच्यातला जुना हिशेब मिटवण्यासाठी पुण्यास आले. त्यांच्या जिवाची हमी इंग्रजांनी घेतली होती. पुढच्या आषाढात बाजीराव पंढरपुरास गेला, शास्त्रीही गेले. २० जुलै १८१५ च्या रात्री शास्त्रींची प्रकृती ठीक नव्हती, म्हणून त्यांनी देवळात यायला नकार दिला. त्र्यंबकजीकडून पुन्हा पुन्हा निरोप आले. अखेर ते थोड्या माणसांनिशी निघाले, दर्शन घेतले, बोलणे झाले आणि परत फिरले. वाटेत मागून काही माणसे वाट सोडा म्हणून ओरडत धावत आली. पुढच्याच्या हातात पिळलेल्या कापडासारखे काही होते. त्याखाली तलवार होती. शास्त्री जागीच मारले गेले.

या प्रसंगाचे सारे घटक आवाजाचे आहेत: वारीतली गर्दी, देवळातली घंटा, दारावर तिसऱ्यांदा आलेला निरोप्या, मागून जवळ येणारी पावले आणि वाट मागणारी आरोळी. यात्रेत अशी आरोळी कुणालाही संशयास्पद वाटणार नाही. मारेकऱ्यांनी नेमका तिचाच उपयोग केला.

ब्रिटिश रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने चौकशी करून त्र्यंबकजीला जबाबदार धरले आणि त्याला आपल्या हवाली करण्याची मागणी केली. बाजीरावाने बरीच टाळाटाळ करून अखेर ती मान्य केली. त्र्यंबकजी ठाण्याच्या किल्ल्यात कैद झाला. तो फितुरीने सुटू नये म्हणून पहाऱ्यावर फक्त गोरे शिपाई ठेवले. ही खबरदारीच अंगलट आली. किल्ल्यातल्या एका अधिकाऱ्याकडे एक मराठा मोतद्दार नोकरीस राहिला. तो घोड्याला खरारा करताना, फिरवताना कैद्याच्या खिडकीखालून जाता-येता सहज गुणगुणावे तशी गाणी म्हणत असे. गाण्यांत पलायनाचा सगळा बेत होता. पहारेकऱ्यांना मराठी कळत नव्हते, त्यांच्या कानी फक्त चाल पडत होती. १२ सप्टेंबर १८१६ च्या संध्याकाळी त्र्यंबकजी भिंतीला पाडलेल्या भोकातून तबेल्याच्या बाजूने निसटला.

एका माणसासाठी, एका भाषेत, पहारेकऱ्यांच्या देखत केलेले हे प्रसारणच होते. ते सर्वांना ऐकू जात होते, समजत मात्र एकालाच होते. दुसऱ्या महायुद्धात बीबीसी फ्रान्समधल्या भूमिगतांना अशाच निरर्थक वाटणाऱ्या वाक्यांतून इशारे देत असे. ठाण्याच्या मोतद्दाराने ती रीत सव्वाशे वर्षे आधी वापरली. कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर १८२४ साली चुनारच्या किल्ल्यात त्र्यंबकजीला भेटला. मोतद्दाराच्या गाण्याची हकिकत त्याने आपल्या प्रवासवर्णनात घेतली आणि गाण्याला इंग्रजी पद्याचे रूपही दिले.

सुटल्यावर त्र्यंबकजीने डोंगराळ मुलखात भिल्ल आणि रामोशी जमवले. त्याला पाठीशी घातल्याचा ठपका ठेवून इंग्रजांनी जून १८१७ चा पुणे करार बाजीरावावर लादला, आणि पुढच्याच वर्षी पेशवाई बुडाली. त्र्यंबकजी १८१८ सालीच नाशिक भागात पकडला गेला, बनारसजवळच्या चुनारला रवाना झाला आणि १८२९ साली तिथेच मेला.

अशी कथा रेडिओवर आणताना लेखकापुढे एक पेच उभा राहतो. त्र्यंबकजीवर उघड न्यायालयात खटला चाललाच नाही. त्याच्याविरुद्धचा मुख्य पुरावा ज्या एल्फिन्स्टनने गोळा केला, त्याला त्या प्रकरणाचा राजकीय लाभ झाला. नाटकात मात्र कुणाच्या तरी तोंडून हुकूम निघावाच लागतो, आणि एकदा तो आवाज श्रोत्याच्या कानात बसला की इतिहासकाराचे ‘बहुधा’ आणि ‘संशय आहे’ पुसले जातात. ‘क्राइम क्लासिक्स’च्या धर्तीचा निवेदक हा यावरचा चांगला तोडगा आहे. निवेदकाला कथेबाहेर ठेवायचे, कोणता भाग नोंदीतला ते त्याने सांगायचे, आणि पात्रांना नोंदीत नसलेली कबुली द्यायला लावायची नाही. त्र्यंबकजीवर श्रुतिका लिहिणाऱ्याने देवळातला संवाद अर्धवट ठेवून खिडकीखालच्या गाण्याला पूर्ण वेळ द्यावा. त्यातच नाट्य आहे आणि तिथे पुरावाही पक्का आहे.

या प्रकारातली किती नाटके आज ऐकायला मिळतात, हे बरेचसे नशिबावर ठरले. ‘सस्पेन्स’चे नऊशेच्या आसपास भाग उपलब्ध आहेत, कारण ते तबकड्यांवर मुद्रित झाले आणि सैन्याच्या रेडिओसाठी त्यांच्या प्रती निघाल्या. ‘द विचेस टेल’च्या आपल्याजवळच्या तबकड्या कोलने स्वतःच नष्ट केल्या, त्यामुळे त्या मालिकेचे थोडेच भाग मागे राहिले. भारतात ध्वनिफीत महाग होती. एक कार्यक्रम वाजला की तीच फीत पुसून दुसऱ्यासाठी वापरणे ही केंद्रांची नेहमीची काटकसर होती. गाणी आणि थोरामोठ्यांची भाषणे जपली गेली, श्रुतिकांच्या वाट्याला ते भाग्य कमी आले. ज्या घरांत सत्तर-ऐंशीच्या दशकांत रेडिओशेजारी टेपरेकॉर्डर ठेवून श्रुतिका मुद्रित केल्या गेल्या, तिथल्या कॅसेटी अजून कपाटात असतील तर त्या रद्दीत टाकण्याआधी डिजिटल करून घ्याव्यात, आणि डबीवर केंद्राचे नाव व तारीख लिहिलेली असेल तर तीही सोबत उतरवून ठेवावी.